करप

बा जळव्या होता. शिदू जळव्या.
ताकारीपासनं बोरगावापर्यंत
कुठल्याही गुऱ्हाळावर नाव घेतलं असतं
तर कुणीतरी मान हलवली असती.
गुळव्या वर, काहिलीपाशी, दोन बोटांत पाक ताणत,
बा खाली, चुलवाणाच्या तोंडाशी, चिपाडाची पेंढी घेऊन.
वरनं हाक यायची, जाळ धर.
वरनं हाक यायची, जाळ मार.
गूळ कसा उतरला ते त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं.

मी इस्लामपुरात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, परिचर.
बाटल्या धुतो, बर्फ आणतो, कुलपं लावतो.

पॅलेडियमचं कोटेशन आलं
त्या दिवशी ऑफिसातल्या घोरपड्यांनी चष्मा काढला,
पुसला, परत घातला, आकडा तोच.
म्हणाले, एवढ्यात अख्ख्या इमारतीचा पत्रा बदलून होतो.
त्रिशला मगदूम मॅडमनी कागद उलटा केला
आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिलं:
चिपाड, एक पोतं.

पोतं मीच आणलं, सायकलच्या कॅरेजला बांधून,
रस्त्याला थोडं सांडत.

बा चिपाड जाळायचा ते राख होईस्तोवर.
इथं मुशीचं झाकण मातीनं लिंपतात,
वाऱ्याला आत वाट नाही,
चारशे अंश, पाच तास,
आणि उघडल्यावर आत चिपाडच असतं, फक्त काळं.
शिरा न् शीर तशीच. बोटानं दाबलं की पूड.
मग तिला गंधकाम्ल पाजायचं.
मग धुवायचं. हे काम माझं.
गरम पाणी, गाळणं, लिटमस. लाल.
गरम पाणी, गाळणं, लिटमस. लाल.
सतरा पाण्यांनंतर निळा कागद निळा राहिला
तेव्हा बाहेर कॅन्टीन बंद झालं होतं.

ही पूड साखरेच्या पाण्यात सोडायची,
जाड पोलादी भांडं, आटे घट्ट.
साखरेच्या एका कणाच्या अंगातनं
पाण्याचे तीन कण निघून जातात, बस.
मागं राहतं ते मधासारखं पिवळं,
त्याच्यापास्नं म्हणे बाटल्या होतील, रंग होतील,
आज जे जमिनीखालच्या तेलातनं येतं त्यातलं बरंच काही.
मॅडम म्हणाल्या, होईल. पण लगेच नाही.
हे "पण लगेच नाही" त्या दर वेळी म्हणतात,
म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

पोरांना शिकवताना त्या सांगतात,
उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ.
मला पटत नाही.
मध्यस्थ पंगतीला बसतो, आहेर घेतो.
ही पूड तशीच गाळून निघते, वाळवली की परत कामाला.
पाच वेळा चालली. सहाव्या वेळी दमली,
पुन्हा आम्ल पाजून उभी केली.
हा तर सरळ जळव्या झाला.
ढेप फोडून बघा, त्यात त्याचं काही सापडत नाही.

पहिल्यांदा भांडं उघडलं तेव्हा
वास सगळ्या खोलीत गेला.
वहीत वासाचा एक रकाना असतो.
एका पोरानं लिहिलं, विशिष्ट.
मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला कसला वाटतो?
मी म्हटलं, करप.
साखर गुळाच्या पुढं गेली की येतो तो.
एका हंगामात बाच्या जाळानं एक आधण असं करपलं
आणि मालकानं अर्ध्या महिन्याची हजेरी कापली.
मॅडमनी "विशिष्ट" खोडलं. करप लिहिलं.
त्याखाली तारीख, वजन, तापमान.

त्या रात्री घरी गेलो तर बा खाटेवर उठून बसला.
आता त्याला दिसत कमी, नाक शाबूत.
"कुनाचं आधण करपावलंस रं?"
"करपवायचंच होतं."
"आन् गुळव्या काय म्हनला?"
"गुळव्या बाई हाय. हसली."

बा काही बोलला नाही.
माझ्या शर्टाची बाही ओढून घेतली
आणि बराच वेळ नाकाशी धरून बसला.